अंतराय कर्माचा की नकाशाचा?

बायांनो, आधी एक हिशेब मांडते, मग भांडते.

कार्तिकाचा शेवट होता. चातुर्मास संपवून आर्यिका माताजींचा संघ बालाघाटकडून गोंदियाच्या दिशेनं निघाला होता. पाच माताजी, दोन ब्रह्मचारिणी दीदी. सगळ्यात वडील माताजींचं वय 68. आदल्या दिवशी सकाळी 10 वाजता त्यांचा आहार झालेला. दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूच्या मुक्कामावर चौका लागणार होता. मुख्य डांबरी रस्त्यानं अंतर 12 किलोमीटर. पण समितीतल्या एका भल्या माणसानं रात्रीच ग्रुपवर लोकेशन टाकून दिलं, आणि त्यात आतून जाणारा रस्ता दिसत होता. 9 किलोमीटर. तीन किलोमीटर वाचले म्हणून ग्रुपवर हात जोडलेले चाळीस अंगठे.

सूर्योदयानंतर पावणेसातला संघ निघाला. एक किलोमीटरवर आत वळला. पांदण रस्ता होता तोवर ठीक. पुढं चार किलोमीटर चालल्यावर नहर लागली, आणि नकाशातली निळी रेघ नहरेच्या पाळीवरून सरळ जात होती. पाळीवर गुडघाभर गवत, त्यावर दव. खाली उतरावं तर धानाचे बांधे, अर्धे कापलेले, अर्ध्यांत पाणी, धुऱ्यावर हिरवळ. माताजी थांबल्या. हिरव्यावर पाय ठेवणार नव्हत्या, चिखलात उतरणार नव्हत्या. फोन हातात असलेला मुलगा म्हणाला, "माताजी, इथून फक्त चार किलोमीटर राहिलंय." माताजींनी पिंछी काखेत घेतली आणि मागं वळल्या.

चार किलोमीटर परत. मुख्य रस्त्याला लागेपर्यंत दहा वाजायला आले. पुढं अजून 11 किलोमीटर. वडील माताजींची चाल ताशी तीन किलोमीटर, तीही ऊन चढायच्या आत. बारा वाजता सामायिकाची वेळ झाली तेव्हा संघ एका शाळेच्या व्हरांड्यात होता. आणि इकडं मी, माझ्या जाऊबाई आणि शेजारच्या वहिनी, पहाटे तीनपासून उठून, विहिरीचं पाणी छाणून, धान्य निवडून, सोवळ्यात स्वयंपाक करून, हातात कलश-श्रीफळ घेऊन पडगाहनाला दारात उभ्या. साडेबारापर्यंत उभ्या.

कुणी म्हणेल, गाडीत घालून जेवण तिकडं न्यायचं. तुम्हाला सांगायला नको, दुसऱ्या गावाहून आणलेला आहार माताजी घेत नाहीत. तो दोष आहे. शाळेजवळ चौका नव्हता. दुपारी चालून संघ सूर्यास्ताच्या आधी आमच्याकडे पोचला, पण तोवर आहाराची वेळ गेली होती. पुढचं पाण्याचं थेंब त्यांच्या ओठाला लागलं ते तिसऱ्या दिवशी सकाळी 10 वाजता.

48 तास. हा तो हिशेब.

आता भांडण. संध्याकाळी समितीची मंडळी आली, माताजींना वंदन केलं, आणि बाहेर ओट्यावर बसून म्हणाली, "अंतराय कर्माचा उदय, दुसरं काय." भासऱ्यांनीही मान हलवली. मी आत भांडी आवरत होते. ऐकून हातातली परात खाली ठेवली. अहो, अंतराय कर्म मलाही माहीत आहे. पाठशाळेत मीही आठ कर्मं पाठ केली आहेत, माझं माहेर कारंजाचं आहे. दान, लाभ, भोग, उपभोग आणि वीर्य या पाचांत जे आड येतं ते अंतराय. पण ते बांधतं कसं, हेही त्याच तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय. दुसऱ्याच्या कामात विघ्न आणल्यानं. म्हणजे माताजींचा उदय असेल तर असो, पण त्या दिवशी नवा बंध कुणाचा झाला? ज्यानं रस्ता न पाहता रेघ पाठवली त्याचा. आणि चाळीस अंगठ्यांचा. त्यातला एक माझाही होता, तो मी मोजते.

त्या रेघेचं काय झालं होतं ते मला पुतण्यानं दुसऱ्या दिवशी दाखवलं. ज्यानं लोकेशन पाठवलं त्याच्या फोनमध्ये नकाशा मोटारसायकलवर लावलेला होता. मोटारसायकलला जवळचा रस्ता हवा असतो. पांदण चालते, नहरेची पाळ चालते, उन्हाळ्यात कुणी गाडी नेली असेल तर ती रेघ तिथं राहते. चालणाऱ्या माणसाचं चित्र वेगळं असतं, ते दाबलं असतं तर कदाचित वेगळा रस्ता आला असता. कदाचित म्हणते, कारण त्या चालणाऱ्या चित्रालासुद्धा आर्यिका म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याला वाटतं माणूस ताशी पाच किलोमीटर चालतो, पायात बूट आहेत, तहान लागली तर दुकानातून बाटली घेईल. अनवाणी, दिवसाउजेडीच, चार हात पुढची जमीन पाहत, दिवसातून एकदाच पाणी पिऊन चालणारं माणूस त्या कंपनीच्या हिशेबात नाही. तो दोष कंपनीचा म्हणत नाही मी. तिनं गाड्यांसाठी नकाशा केला, गाड्यांना तो बरा चालतो. दोष आमचा, की गाडीचा नकाशा आम्ही माताजींच्या पायाखाली अंथरला.

आणि गंमत बघा. रस्ता कसा निवडावा याचे नियम आपल्याकडे आधीपासून आहेत. ईर्यासमिती म्हणजे नुसतं खाली बघून चालणं नव्हे. मूलाचारात प्रासुक मार्ग कोणता ते सांगितलंय. ज्यावरून गाड्या गेल्यात, जनावरं गेलीत, माणसं गेलीत, जो उन्हानं तापलाय, नांगरला गेलाय, तो. म्हणजे वापरातला, तुडवलेला, जिथं जीव कमी. आपल्या आचार्यांना वाटेची पारख होती. आज तो प्रासुक मार्ग म्हणजे डांबरी रस्ता, आणि तिथं धानाचे, तांदळाचे ट्रक. एकीकडं मुंगी वाचवायची म्हणून डांबरावर यायचं, दुसरीकडं डांबरावर स्वतः वाचायचं. विहारात रस्त्यावर साधू-साध्वी गेल्याच्या बातम्या दरवर्षी आपण वाचतो, दोन दिवस हळहळतो, श्रद्धांजलीचा बॅनर लावतो. हा पेच कुठल्याही फोनला आपोआप सुटणार नाही. तो माणसानं बसून सोडवायचा असतो. कुठल्या डांबरी रस्त्याला कडेची मुरमाची पट्टी रुंद आहे, कुठल्या पुलावर कठड्याजवळ चालायला जागा नाही, कुठली पांदण फाल्गुनात कोरडी असते आणि कार्तिकात बंद. हे ज्याला माहीत तोच रस्ता सांगू शकतो.

माझी पुतणी कॅनडात ओंटारिओत राहते. तिला ही सगळी हकीकत फोनवर सांगितली तर ती म्हणाली, "काकू, इथं बर्फावर चालवायच्या गाड्या असतात, स्नोमोबाईल. ते लोक रस्त्याचा नकाशा वापरतच नाहीत." मी म्हटलं, मग? तर तिकडं त्या गाडीवाल्यांचे गावोगावी क्लब आहेत, आणि वाटा तेच आखतात, तेच राखतात. त्यांच्या महासंघाच्या नकाशात प्रत्येक वाट रंगानं दिसते. हिरवी म्हणजे खुली, पिवळी म्हणजे जपून, लाल म्हणजे बंद. तळ्यावरचा बर्फ पातळ असेल तर काल हिरवी असलेली वाट आज लाल. मौजेसाठी फिरणारी माणसं, पण त्यांना कळतं की वाट ऋतूप्रमाणं बदलते आणि ती चालणाऱ्यानंच राखायची असते. आणि आपण, ज्यांच्या धर्मात चालणं हेच व्रत आहे, आपण गाडीवाल्याच्या नकाशावर अंगठा देतो. मला त्या रात्री झोप लागली नाही.

बरं, आणखी एक मजा ऐका. फोनमध्ये नुसतं हट्टा लिहा. हट्टा किती आहेत ठाऊक आहे? एक आमचं, बालाघाटचं. एक दमोह जिल्ह्यातलं, तहसीलीचं गाव. एक महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यात. आणि एक थेट दुबईला, डोंगरातलं. आमच्या समाजाला दमोहचं हट्टा आधी आठवतं, कारण बडे बाबांचं कुंडलपूर त्याच जिल्ह्यात. आमच्याकडं लग्नाला यायचं म्हणून निघालेले पाहुणे जबलपूरच्या पुढं उत्तरेला जाऊन मग फोन करतात, "भाभी, आप लोगों का घर मिल नहीं रहा." गाडीवाला हसत हसत उलटा फिरतो. पाच-सहा तासांचा फेर, डिझेल जातं, एवढंच. चालणाऱ्याला चार किलोमीटरचा फेर 48 तासांना पडतो.

म्हणून मी आता सरळ सांगते, नकाशा निवडणं हे बायकांचं काम आहे. समितीचं नाही. रागावू नका, कारण देते.

विहारात पायी चालतं कोण? दीदी, आणि आपण. माताजींच्या संघाबरोबर श्राविका चालतात, श्रावक पुढं मोटारसायकलवर जाऊन चहा पितात. (सगळे नाही. माझे मामंजी सत्तरीतही कमंडलू घेऊन चालायचे.) पुढच्या मुक्कामाला चौका कोण लावतं? आपण. आणि चौक्याला काय लागतं? विहीर. नळाचं पाणी चालत नाही, बाटलीचं तर नाहीच. विहीर हवी, वापरातली हवी, वर दोर पोचेल अशी हवी, आणि छाणल्यावर जिवानी परत तळाशी सोडता येईल अशी हवी. आता फोनच्या नकाशात बघा. पेट्रोल पंप आहे, एटीएम आहे, ढाबा आहे, मोबाईलचं दुकान आहे. हट्ट्याची जुनी दगडी बावडी आहे, कारण ती बघायला लोक येतात. आमच्या गल्लीतली, जिच्यावर तीन पिढ्या चौके लागले, ती विहीर नाही. नकाशा बनवणाऱ्याला जी गोष्ट लागते ती नकाशात येते. आपल्याला जे लागतं ते आपण कधी सांगितलंच नाही.

आणि असा नकाशा नव्हता असंही नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग 1767 पासून आहे. त्यांच्या कागदी नकाशात, जो दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर असा असतो, विहिरींना खूण असते. बांधलेली विहीर वेगळी, कच्ची वेगळी. देऊळ असतं, पायवाट असते. म्हणजे साहेबाच्या काळातल्या मोजणीदाराला विहीर दिसत होती, कारण तोही पायी फिरत होता आणि त्यालाही तहान लागत होती. तो नकाशा जुना झालाय, त्यातल्या कितीतरी विहिरी बुजल्या असतील, पण कुठं शोधायचं ते तरी कळतं.

फोनमध्येसुद्धा एकच नकाशा नसतो. हे मला साठीत कळलं, तुम्हाला आज कळू द्या. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. तो कुठल्या एका कंपनीचा नाही. कुणीही त्यात भर घालू शकतं, विहीर, हातपंप, पायवाट, शाळा, झाडाची सावली सोडून सगळं. त्यावर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स, ऑसमअँड अशी ॲप्स आहेत. ती आधी उतरवून ठेवली की नेट नसलं तरी चालतात. कारण जीपीएसला नेट लागत नाही, बायांनो. फोन आकाशातल्या उपग्रहांचं ऐकतो आणि आपण कुठं आहोत ते काढतो. नेट जातं तेव्हा जाते ती मागची चित्रं, म्हणून पांढऱ्या कागदावर निळा ठिपका उरतो आणि आपण ओरडतो, जीपीएस गेलं. आमच्या भागात नहरेच्या पलीकडं नेट जातंच. नकाशा घरी उतरवून घेतला नाही तर तो ठिपका घेऊन काय करायचं?

पण म्हणून हे दुसरं ॲप डोळे मिटून घ्या, असंही मी म्हणत नाही. आमच्या हट्ट्याभोवती मी ते उघडलं तेव्हा ते अर्धं रिकामं होतं. पांदणी निम्म्या नाहीत. गाव म्हणजे चार रेघा. पुतण्या म्हणाला, "काकू, यापेक्षा पहिलाच बरा." मी म्हटलं, नाही रे बाबा. पहिला भरलेला आहे पण माझ्या उपयोगाचा नाही, आणि त्यात माझं काही चालत नाही. दुसरा रिकामा आहे पण हातात लेखणी आहे. भरलेलं परक्याचं घर की रिकामं आपलं? सासरी आलेल्या बाईला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

आता आक्षेप ऐकते. पहिला आक्षेप आमच्याच पंडितजींचा. निर्ग्रंथांच्या मार्गात यंत्र कशाला? पूर्वी काय फोन होते? पूर्वी फोन नव्हते, पण पूर्वी वाट विचारायला माणूस होता. शेतावरचा पोवार दादा सांगायचा, "माताजी, इकडून नका जाऊ, पाळ फुटली आहे." त्या दिवशीही धान कापणाऱ्या दोन बाया नहरेच्या अलीकडं उभ्या होत्या. कुणी विचारलं नाही, कारण हातात फोन होता. यंत्र आपण केव्हाच घेतलंय, पंडितजी. माताजींच्या हातात ते नाही आणि नसावं. आपल्या हातात आहे. प्रश्न यंत्र घ्यावं की नाही हा उरलेलाच नाही, घेतलेलं यंत्र अकलेनं वापरावं की नाही हा आहे.

दुसरा आक्षेप, बायांना नकाशा काय कळतो. यावर मी उत्तर देणार नाही. फक्त विचारते, डोळे झाकून गावातल्या प्रत्येक घरची विहीर, तिचा रहाट, उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं, घरात सूतक आहे की नाही, म्हातारी दार उघडेल की नाही, हे कोण सांगतं? तेच कागदावर काढलं की नकाशा.

तिसरा आक्षेप खर्चाचा. इथं मात्र मी आवाज चढवते. मंगल प्रवेशाचे फ्लेक्स किती लागतात? चौकाचौकात, माताजींच्या फोटोपेक्षा मोठा फोटो देणाऱ्याचा. बँड, घोडे, स्वागताच्या कमानी. त्यासाठी बोली लागते, पैसा निघतो. विहाराच्या आदल्या आठवड्यात दोन माणसांनी दुचाकीवर जाऊन रस्ता बघून यायचा खर्च किती? दोनशे रुपयांचं पेट्रोल. त्याला बोली लागत नाही, म्हणून तो होत नाही. कमानीखालून प्रवेश करायला माताजी पोचल्या तर पाहिजेत!

आणि एक गोष्ट, जी बोलायला बायका कचरतात. तो लोकेशनचा दुवा पाचशे माणसांच्या ग्रुपवर जातो. पाचशेतल्या निम्म्यांना आपण ओळखत नाही. पाच स्त्रिया, आर्यिका असल्या तरी स्त्रियाच, आज रात्री कुठल्या शाळेत, कुठल्या वाटेवर, कधी निघणार, हे सगळं मिनिटामिनिटाला उघड्यावर. आपल्या मुलीचं लोकेशन आपण असं टाकतो का? जे रस्त्याला आहेत, जे चौक्याला आहेत, त्या दहा-बारा जणांनाच ते कळावं. बाकीच्यांना दर्शनाची घाई असेल तर मुक्कामावर पोचल्यावर कळवावं. यावर वाद घालायला कुणी आलं तर मी तयार आहे.

त्या प्रसंगानंतर आम्ही तिघींनी काय केलं ते सांगते, फार मोठं नाही. जाऊबाईंची स्कूटी, मागं मी, फोन पुतण्याचा. त्यानं ॲपमध्ये वाट नोंदवायचं बटण दाबून दिलं आणि आम्ही निघालो. बालाघाटच्या बाजूला एक दिवस, राजेगावच्या पुलाकडं एक दिवस. फोन आपोआप रेघ काढत होता. आम्ही थांबून थांबून लिहीत होतो. इथं विहीर, दोर नाही. इथं शाळा, व्हरांडा पूर्वेला, सकाळचं ऊन येतं. इथं वळणावर कडेला पाय ठेवायला जागा नाही, उजव्या बाजूनं चालावं. इथं नहर, भाद्रपद ते मार्गशीर्ष बंद. जाऊबाईंनी एका ठिकाणी लिहिलं, "इथं कुत्री." मी म्हटलं, कुत्री नकाशात कशी येतील? त्या म्हणाल्या, "तू चाल अनवाणी, मग सांग." लिहू दिलं.

एकदा वाटलं, हे कुणाला दाखवावं. वडील माताजी तेव्हा गोंदियाकडं होत्या. दर्शनाला गेलो तेव्हा जाऊबाईंनी वही पुढं केली. माताजींनी पानं बघितली, फोनकडं बघितलं नाही. विचारलं, "नहरेजवळ ज्या दोन बाया धान कापत होत्या, त्यांचं घर लिहिलं का यात? त्यांनी आम्हाला लांबून नमस्कार केला होता." लिहिलं नव्हतं.

परवा सकाळी परत जातोय. त्या बायांचं गाव नहरेच्या पलीकडं आहे म्हणतात, आणि त्यांच्या अंगणात विहीर आहे, असंही कुणी सांगितलं. दोर आहे का ते बघायचंय.